वाईट महिन्याच्या वैरणीवरून जनावरांचा आकडा ठरवा

करवीर तालुक्यातील पंचगंगेकाठच्या एका गावातून आलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘आदरणीय डॉक्टरसाहेब, २०१९ च्या महापुरानंतर गावात मोकाट फिरणाऱ्या दोन गायी आम्ही दारात बांधून घेतल्या आणि तिथून हा व्याप वाढत गेला. आज आमच्याकडे वीस मोठी जनावरे आहेत. त्यांत भाकड गायी, ऊस वाहतुकीत पाय गेलेले बैल आणि तीन रेडे आहेत. शिवाय बारा शेळ्या-मेंढ्या आणि एक गाढव आहे. जमीन दोन एकर, त्यातली बरीचशी पुराच्या पट्ट्यात. हंगाम चालू असतो तोवर उसाच्या वाड्यावर (शेंड्याकडच्या हिरव्या पानांवर) निभावते, पण कारखाने बंद झाले की उधारी सुरू होते. मागच्या उन्हाळ्यातल्या कडब्याचे पैसे दिवाळीत फिटले. यजमानांचा जवळजवळ अर्धा पगार यात जातो आणि ते आता “आकडा कमी कर, नाहीतर बंद कर” असे म्हणतात. लोक रात्री फाटकाला जनावर बांधून जातात. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, पाप लागेल असे वाटते. एक बैल मागच्या पायांनी अधू आहे, त्याला पुरातून कसे हलवायचे हेही कळत नाही. येणारा उन्हाळा आणि पावसाळा कसा काढावा, की हे सगळे थांबवावे?’

ताई, सप्रेम नमस्कार.

थांबवू नका. मात्र हे पत्र वाचाल त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत एकही नवे जनावर दावणीला घेऊ नका, आणि जनावरांची संख्या ठरवण्याची तुमची आजवरची रीत बदला. तुमच्या पत्रावरून असे दिसते की, आणखी एक जनावर झेपेल की नाही याचा अंदाज तुम्ही त्या दिवशी गव्हाणीत असलेली वैरण पाहून करता. जानेवारीत वाड्याच्या मोळ्या दारात येऊन पडतात, तेव्हा तीस जनावरेही झेपतील असे वाटते. तीच जनावरे मे महिन्यात तितकेच खातात, आणि त्या वेळी शिवारात हिरवे पान नसते. म्हणून आकडा ठरवायचा तो मे-जूनच्या वैरणीवर आणि पुराच्या आठवड्यात जी कोरडी जागा हाती असेल तिच्यावर. माझे सगळे उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे. बाकीचा तपशील तिच्या सोयीसाठी.

आधी हिशेब मांडू. दूध न देणाऱ्या आणि काम नसलेल्या मोठ्या जनावराला त्याच्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के इतका कोरडा अंश, म्हणजे वैरणीतले पाणी वगळून उरणारा भाग, रोज पोटात जावा लागतो. साडेतीनशे किलोच्या गायीला रोज पंधरा किलो हिरवी आणि पाच किलो वाळलेली वैरण, जोडीला थोडी पेंड किंवा भुसा, एवढ्यावर ती अंगावर मांस टिकवून राहते. तुमच्या वीस जनावरांसाठी हे रोजचे तीनशे किलो हिरवे आणि शंभर किलो वाळलेले होते, म्हणजे महिन्याला नऊ टन आणि तीन टन. मार्चअखेरीपासून पाऊस स्थिरावून बांधावर गवत उभे राहीपर्यंत शंभर दिवस धरले, तर तीस टन हिरवी आणि दहा टन वाळलेली वैरण लागेल. हा आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. यातले किती तुमच्या जमिनीत पिकते, किती देणगीतून येते आणि किती विकत घ्यावे लागते, हे तीन रकान्यांत मांडले की यजमानांशी होणारा वाद पुष्कळसा आपोआप मिटेल, कारण मग तो दयेचा वाद राहत नाही, टनांचा होतो.

जनावरांची वजने ठाऊक नसतील तर शिंप्याची टेप पुरते. छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीच्या इंचांनी गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे किलोमधले वजन बऱ्यापैकी बरोबर येते. दर महिन्याच्या एकाच तारखेला ही मापे वहीत उतरवा. उपासमार हळूहळू होते आणि रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला ती कळत नाही. टेपेला मात्र पहिल्याच महिन्यात कळते.

आता वैरणीचे वर्ष कसे फिरते ते पाहा, कारण आपल्या भागात ते इतर जिल्ह्यांपेक्षा निराळे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत वाडे मुबलक असते. अलीकडे तोडणी यंत्राने झालेल्या फडात वाड्याचे तुकडे होऊन पाचटात मिसळतात आणि ते हाती लागत नाहीत, त्यामुळे हाताने तोड करणाऱ्या टोळीच्या मुकादमाशी हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवावे लागते. त्याच काळात पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड या भागांत भाताची मळणी उरकलेली असते आणि पिंजर, म्हणजे भाताचा वाळलेला पेंढा, स्वस्त मिळते. सोयाबीनचे भुस्कटही तेव्हाच निघते. रब्बी ज्वारीचा कडबा पूर्वेकडून, जत-मंगळवेढ्याच्या बाजूने, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात उतरतो. मे महिन्यात तुम्ही जो कडबा उधारीवर घेता तो हाच, फक्त मधल्या दोन-तीन महिन्यांची साठवण, वाहतूक आणि नड या सगळ्यांची किंमत त्यावर चढलेली असते.

म्हणून वाळलेल्या वैरणीची खरेदी वर्षातून दोनदाच करा: नोव्हेंबरमध्ये पिंजर आणि फेब्रुवारीअखेर कडबा. तुमच्याकडे देणग्या वसुबारसेला आणि संक्रांतीला येतात असे गृहीत धरतो, कारण सगळीकडे तसेच चालते. वसुबारसेचा पैसा त्याच महिन्यात पिंजरात आणि संक्रांतीचा पैसा कडब्यात गेला पाहिजे. दिवाळीत आलेली रक्कम मागच्या उन्हाळ्याची उधारी फेडण्यात गेली की पुढचा उन्हाळाही उधारीतच जाणार हे ठरून जाते. हे चक्र एकदा तोडायचे असेल तर या वर्षापुरती देणगीदारांकडे उघडपणे मागणी करा, आणि पैशांऐवजी कडब्याच्या पेंढ्या मागा. शंभर पेंढ्या म्हटले की देणाऱ्यालाही आपण काय दिले ते दिसते. गंजी उंच ओट्यावर, ताडपत्रीखाली आणि गोठ्यापासून दूर रचावी. आगीचे आणि ओलीचे भय सारखेच असते. भिजून बुरशी धरलेले पिंजर कितीही निकड असली तरी खायला घालू नये, कारण बुरशीचे विष उकळून किंवा वाळवून जात नाही.

निकृष्ट पिंजराची प्रत वाढवण्याची युरिया प्रक्रिया तुम्ही ऐकली असेल. शंभर किलो वाळलेल्या वैरणीला चार किलो युरिया चाळीस ते पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून, प्लॅस्टिकखाली एकवीस दिवस हवाबंद ठेवायचे. हे उपयोगी आहे, पण मोजमाप चुकले तर विषबाधा होते. सहा महिन्यांखालच्या वासरांना, शेळ्यांना आणि तुमच्या गाढवाला ती वैरण घालू नये. तुमच्याकडे रोज वेगवेगळे मदतनीस येत असतील तर मी ही प्रक्रिया पहिल्या वर्षी सुचवणार नाही. तिथे मुरघास बरा. मका चिकात असताना कापून, कुट्टी करून, खड्ड्यात किंवा जाड पिशवीत पायाने तुडवून हवा काढून टाकली की पंचेचाळीस ते साठ दिवसांत मुरघास तयार होतो. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्ड्यात साधारण पाच टन मावतो. मात्र तुमच्या जमिनीचा पुराचा पट्टा लक्षात घेता खड्डा नको, पिशव्याच घ्या, म्हणजे त्या उंचावर ठेवता येतील.

दोन एकरांपैकी पाण्याखाली न जाणारी अर्धा एकर जरी असेल, तरी तिथे ऊस न लावता संकरित नेपियर लावा. पाणी आणि शेणखत नीट मिळाले तर अर्ध्या एकरातून वर्षाला तीस-पस्तीस टन हिरवा चारा निघतो, म्हणजे महिन्याला सरासरी तीन टनांच्या आसपास. तुमच्या गरजेचा हा तिसरा हिस्सा. यावरूनच तुमची खरी क्षमता कळते. स्वतःच्या जमिनीचा तिसरा हिस्सा, खात्रीच्या देणगीदारांचा तिसरा हिस्सा आणि खरेदीचा तिसरा हिस्सा असे जुळत असेल तर वीस जनावरे राहतील. मधला हिस्सा अनिश्चित असेल तर तुमचा आकडा वीस नाही, चौदा आहे, आणि पुढील दोन-तीन वर्षांत म्हातारी जनावरे नैसर्गिकरीत्या जातील तशा जागा भरून न काढता त्या आकड्यावर यावे लागेल.

वाड्याबद्दल एक सावधगिरी. उसाच्या वाड्यात आणि नेपियरमध्येही ऑक्झलेट असते, ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. पाच-सहा महिने निव्वळ वाड्यावर असलेली जनावरे उन्हाळ्याच्या तोंडाशी लंगडू लागतात, माती चाटतात, बसलेली उठत नाहीत, आणि आपण म्हणतो की वय झाले. मोठ्या जनावराला रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, वाड्यावर शिंपडलेली चुन्याची निवळी आणि निम्मी तरी वाळलेली वैरण एवढ्याने यातले बरेच टळते. तुमच्या अधू बैलाला हंगामभर काय घातले जाते ते तपासून घ्या. पाय मोडल्याचा दोष त्यात नसेलही, पण हाडे भरून न येण्याचा असू शकतो.

बेंदराचा सण आषाढात येतो आणि आपल्याकडे बैलाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. घरच्या एका बैलाला एक पोळी घालणे वेगळे आणि पन्नास घरांनी भक्तिभावाने आणलेल्या पोळ्या तुमच्या बैलांच्या पुढ्यात पडणे वेगळे. पीठ, गूळ, भात, लग्नातले उरलेले अन्न हे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम गेले की तिथे आम्ल तयार होते, रवंथ बंद पडते, पोट फुगते आणि काही तासांत जनावर दगावते. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात शिळे अन्न खाल्ल्याने अनेक गायी दगावल्याची बातमी राज्यभर गाजली होती, ती तुम्हालाही आठवत असेल. फाटकावर ठळक अक्षरांत ‘येथे शिजवलेले अन्न स्वीकारले जात नाही, एक पेंढी वैरण आणावी’ असे लिहा. लोक रागावतील, विशेषतः ज्येष्ठ मंडळी. रागावू द्या. पोट फुगलेच तर बाटलीने तेल पाजण्याची घाई करू नये, कारण मान वर करून पाजलेले तेल फुफ्फुसात जाऊन जनावर त्यानेच मरते. जनावर पुढून उंच राहील असे उभे करावे, चालवता आले तर चालवावे आणि डॉक्टरांना बोलवावे. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो प्रत्येक मदतनिसाच्या मोबाइलमध्ये असावा.

उन्हाळ्यात वैरणीइतकेच पाणी महत्त्वाचे आहे. मोठ्या जनावराला एप्रिल-मेमध्ये दिवसाला साठ लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते, रेड्यांना अंगावर ओतण्यासाठी वेगळे. वैरण पहाटे आणि रात्री घालावी, दुपारी फक्त सावली आणि पाणी द्यावे. पहिल्या वळवानंतर ज्वारीचे जे कोवळे पोंगे फुटतात त्यांच्याजवळ जनावरे फिरकू देऊ नका. त्या कोवळ्या पोंग्यांत विष असते, त्याच्या बाधेला किरळ लागणे म्हणतात, आणि किरळ लागलेले जनावर डॉक्टर येईपर्यंत टिकेलच असे नाही.

आता पुराकडे वळतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांनी नदीकाठच्या गोठ्यांना एकच गोष्ट दाखवली: पाणी अंगणात आल्यावर जनावरे हलवायची नसतात, तेव्हा फक्त दावी कापायची वेळ उरते. २०२१ च्या जुलैत पाणी ज्या वेगाने चढले त्यात रात्री झोपलेल्यांना सकाळी रस्ता राहिला नव्हता. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते, आणि बहुतेक लोक ३९ ची वाट पाहतात. माणसांसाठी ते ठीक आहे. वीस मोठी जनावरे, शेळ्या आणि एक गाढव हलवायला तुम्हाला पुरता एक दिवस लागेल, आणि रेडेडोह फुटून, म्हणजे तिथे नदी पात्राबाहेर पडून, पन्हाळ्याकडचा रस्ता पाण्याखाली गेला की टेम्पोही मिळत नाही. म्हणून तुमच्या पातळ्या वेगळ्या असाव्यात, असे मी सुचवतो. बंधाऱ्यावर ३० फूट झाले की वाळलेली वैरण, औषधांची पेटी आणि चालू न शकणारी जनावरे हलवायची. ३५ फूट झाले आणि पाऊस ओसरण्याचे चिन्ह नसेल, किंवा राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की उरलेला सगळा गोठा हलवायचा. यात वर्षातून एक-दोन वेळा विनाकारण ये-जा होईल आणि गावात हसतीलही. तो खर्च वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवा.

जागा आत्ताच ठरवा, जुलैत नव्हे. सोनतळीसारखा माळ, एखाद्या नातेवाइकाचे उंचावरचे खळे, बंद पडलेले पोल्ट्रीचे शेड, जे मिळेल त्याच्या मालकाशी मे महिन्यात बोलून, शक्य तर दोन ओळींचे लेखी ठरवून घ्या. ग्रामपंचायतीला आणि तलाठ्यांना तुमच्याकडील जनावरांची संख्या लिहून द्या, म्हणजे चारा छावणी किंवा शासकीय चारा वाटप झाले तर तुम्ही त्या यादीत असाल. त्या जागेवर किमान दहा दिवसांची वाळलेली वैरण आधी पोहोचली पाहिजे. त्या दिवसांत हिरवे मिळणार नाही, त्यामुळे जनावरामागे रोज सात किलो धरा, म्हणजे वीस जनावरांना चौदाशे किलो. २०१९ मध्ये पाणी आठवडाभराहून अधिक काळ उतरले नव्हते आणि उंचावर सुरक्षित पोहोचलेल्या जनावरांचेही वैरणीवाचून हाल झाले, हे नदीकाठी सर्वांनी पाहिले आहे. नेताना शांत स्वभावाची, चालीची सवय असलेली गाय पुढे ठेवा, बाकीची तिच्यामागे येतात. सगळी दावी ओढताच सुटणाऱ्या सरकगाठीची असावीत आणि गोठ्याच्या खांबाला एक धारदार कोयता कायम टांगलेला असावा. कितीही गडबड झाली तरी कोणतेही जनावर बांधलेले सोडून निघायचे नाही, हा एक नियम मदतनिसांकडून घोकून घ्या.

पाणी उतरल्यावर खरे आजार सुरू होतात. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, मेअखेरपर्यंत टोचून झाल्या पाहिजेत, कारण अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस द्यावी आणि लाळ्या खुरकूत, लम्पी व पीपीआर यांचे वेळापत्रक जवळच्या दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून लिहून आणावे. कानात बिल्ले नसतील तर त्याच वेळी मारून घ्या. पुरात जनावर हरवले किंवा दगावले तर पंचनाम्याला तोच आधार असतो. पाणी साचलेल्या रानात महिना-दोन महिने चारू नका. तिथल्या गोगलगायींमुळे यकृतातले चपटे कृमी होतात आणि जबड्याखाली सूज येईपर्यंत ते कळत नाहीत. गोठ्यात मुरूम घालून जमीन उंच करा, खुरांच्या बेचक्यांत रोज संध्याकाळी हात फिरवून जखम आणि अळ्या पाहा. एवढे नियमाने झाले तरी निम्मे आजार टळतील.

तुमच्या मनाला सर्वात जास्त टोचणारा प्रश्न नाही म्हणण्याचा आहे. रात्री फाटकाला जनावर बांधून जाणाऱ्या शेतकऱ्याबद्दल पत्रात तुम्ही कडवट लिहिलेले नाही, याचे मला बरे वाटले. राज्यात गायींबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, ट्रॅक्टरमुळे बैलाचे काम उरले नाही, आणि जर्सी गायीला गोऱ्हा झाला की दुधाच्या हिशेबात त्याला जागा नसते. कायद्याने जनावर वाचले, पण त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांच्या वैरणीची तरतूद कोणी केली नाही, आणि ती आता तुमच्यासारख्यांच्या दारात येऊन उभी आहे. हे ओझे तुम्ही एकटीने उचलावे असे कोणत्याही धर्मात सांगितलेले नाही. आज असलेल्या वीस जनावरांना तुम्ही शब्द दिला आहे. एकविसावे आल्याने त्यांच्या वाट्याची वैरण कमी होत असेल तर तो शब्द मोडतो, आणि पापाचाच विचार करायचा तर तो इथे करावा.

नकार देताना मात्र हात रिकामा नसावा. येणाऱ्याला पांजरपोळाचा पत्ता द्या. त्याहून बरे म्हणजे, जनावर त्याच्याच गोठ्यात राहावे म्हणून महिनाभराची वैरण किंवा औषधाचा खर्च देऊ करा. एक जनावर आयुष्यभर सांभाळण्यापेक्षा चार शेतकऱ्यांना वाईट दोन महिने निभावून नेणे तुमच्या पैशात बसते, आणि पाऊस पडला की त्यातले निम्मे आपले जनावर सोडायला तयार होत नाहीत. रात्री बांधून जाण्यावर उपाय म्हणजे फाटकावर दिवा आणि कॅमेरा, आणि गावात स्पष्टपणे सांगणे की उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या प्रकरणात पोलिसांत जाऊ नका, पण सरपंचांसमक्ष मालकाला बोलवा. तरीही एखादे जनावर पदरात पडलेच तर ते तीन आठवडे वेगळे, शक्य तितके दूर, वेगळ्या बादलीवर आणि वेगळ्या माणसाच्या हाताखाली ठेवावे. २०२२ मध्ये लम्पी कसा पसरला ते आपण पाहिले आहे. वेगळे ठेवायला जागा नसेल, तर घेण्याचीही जागा नाही असेच समजावे.

यजमानांबद्दल थोडक्यात लिहितो. ते जे म्हणतात ते वैऱ्यासारखे नाही. घरखर्चाचे आणि जनावरांचे खाते वेगळे करा, पगारातून महिन्याला किती जाईल तो आकडा त्यांनी सांगावा आणि तुम्ही तो ओलांडू नये. संस्था नोंदवून घ्या, कारण नोंदणी आणि आयकराची ८०-जी सवलत नसेल तर मोठा देणगीदार येत नाही. देशी गायींच्या पोषणासाठी गोशाळांना गायीमागे दिवसाला पन्नास रुपये देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला आहे आणि महाराष्ट्र गोसेवा आयोगाकडे त्याची चौकशी जरूर करावी. परंतु तुमच्या जर्सी गायी, रेडे आणि शेळ्या त्यात बसत नाहीत, आणि अनुदानाच्या आशेने संख्या वाढवणाऱ्या गोशाळांचे पुढे काय होते ते मी नोकरीत असताना जवळून पाहिले आहे.

राहता राहिला अधू बैल. चार माणसांच्या आधाराने तो उठून काही पावले चालत असेल तर त्याला जूनच्या पहिल्या आठवड्यातच, नदी भरण्याची वाट न पाहता, उंचावरच्या जागी हलवा आणि दसऱ्यापर्यंत तिथेच ठेवा. मागची फळी जमिनीला टेकणारा टेम्पो बघा किंवा मातीचा उतार करून चढवा, आणि तळाला वाळू व पिंजर पसरा. तिथे त्याला कोरड्या, मऊ जागेवर ठेवावे लागेल आणि दर तीन-चार तासांनी कूस बदलावी लागेल. बसून राहिलेल्या जनावराला पडणाऱ्या जखमा पायाच्या दुखण्यापेक्षा लवकर जीव घेतात. म्हणून हे काम करणारा एक माणूस त्या जागेजवळच राहणारा हवा, त्याला महिन्याचे पैसे ठरवून द्या. तो आता अजिबात उठत नसेल, खात नसेल आणि वेदनेने दात खात असेल, तर पावसाळ्यापूर्वी पशुधन विकास अधिकाऱ्यांना घरी बोलावून त्याला तपासून घ्या आणि बरे होण्याची शक्यता किती ते स्पष्ट विचारा. असाध्य वेदनेतील जनावराबाबत कायद्यात तरतूद आहे, पण तो निर्णय डॉक्टरांच्या लेखी अभिप्रायाने आणि रीतसर परवानगीनेच व्हावा, तुम्ही किंवा यजमानांनी एकट्याने घेऊ नये. पुरण्याची जागाही आत्ताच पाहून ठेवा: विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, पुराच्या रेषेच्या वर, सहा ते आठ फूट खोल खड्डा आणि वर चुना. जुलैत नदीकाठच्या जमिनीत तीन फुटांवर पाणी लागते आणि तेव्हा जेसीबीही शेतात उतरत नाही.